वाचकांचे प्रश्न : उमेदवार दारात आलाय, त्याला काय विचारू?

नगरपालिकेचं इलेक्शन लागलं आणि या महिन्यात आलेली जवळपास सगळी पत्रं त्याच विषयावरची. साहजिकच आहे. आपल्या खानदेशातल्या बऱ्याच नगरपालिकांचं मागचं इलेक्शन 2016 च्या शेवटी झालेलं, मुदत 2021-22 च्या सुमारास संपली आणि तेव्हापासून प्रशासकच बसलेला, ओबीसी आरक्षणाच्या केसमुळे तारीख पुढे पुढे जात राहिली, शेवटी 2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे 2 डिसेंबरचं मतदान लागलं. म्हणजे या इलेक्शनच्या आधी बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कधी निवडूनच दिलेला नव्हता! जळगाव आणि धुळे महापालिकांचंही तसंच, दोन्हीकडे 2018 ला इलेक्शन झालं आणि 2023 ला मुदत संपली, त्यांचाही नंबर याच्या पाठोपाठ लागतोय. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. नाव-गाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, त्यामुळे फक्त जिल्हा देतेय.

आमच्याकडे नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. वॉर्डात उभे असलेले सगळे उमेदवार म्हणताहेत की निवडून आल्यावर रोज पाणी देऊ. खरं कोण बोलतंय हे कसं ओळखायचं? (गृहिणी, जळगाव जिल्हा)

ताई, "रोज पाणी देणार का" हा प्रश्नच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. त्याच्याऐवजी विचारा की पाणी अडतंय कुठे. धरणात अडतंय, पंपावर अडतंय, टाकीत अडतंय की आपल्या गल्लीतल्या पाइपात. चारही ठिकाणचा इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा.

आपल्याकडे हतनूर, गिरणा, वाघूर ही धरणं आहेत, नंदुरबारला विरचक आहे, पण धरण भरलं म्हणजे नळाला पाणी आलं असं होत नाही हे आपण दरवर्षी बघतोच. गिरणेवरच्या गावांना आवर्तन सुटायची वाट बघावी लागते, धरण नाशिक जिल्ह्यात आणि पाणी पिणार पाचोरा-भडगावकडचे लोक, तिथे नगरसेवकाच्या हातात फक्त पाठपुरावा असतो. हतनूरमध्ये गाळ साठलाय, पावसाळ्यात तापीला पूर आला की पाणी गढूळ होतं आणि मग फिल्टर प्लांटवर लोड येतो, तो प्लांट मात्र पालिकेचा असतो. पंपाचं लाइट बिल पालिका भरते. जलकुंभ बांधला पण तो भरायला लागणारं पाणीच वर चढत नाही, किंवा टाकी भरते पण जुनी लाइन जागोजागी गळते, किंवा वॉलमन एका गल्लीला दोन तास सोडतो आणि दुसऱ्या गल्लीला चाळीस मिनिटं, हे सगळं पालिकेच्या अखत्यारीतलं आहे आणि इथे नगरसेवक खरंच काही करू शकतो. जो उमेदवार तुम्हाला सांगेल की आपल्या वॉर्डाला कुठल्या टाकीतून पाणी येतं, ती टाकी किती लिटरची आहे, नवीन वस्ती वाढली तरी लाइन जुन्याच मापाची आहे का, त्याने निदान पायपीट केलीये. टाकी कुठली तेच माहीत नसेल तर "रोज पाणी" हा शब्द त्याने पॅम्प्लेटवरून वाचलाय असं समजा.

आता एक हिशोब सांगते, हा मला फार महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारच्या मापदंडाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, आणि भुयारी गटार नसेल तर 70 लिटर. कमीतला आकडा घेऊ. पाच माणसांचं घर, रोजचे झाले 350 लिटर, पाच दिवसांचे 1750. ज्याच्या घराखाली हौद आहे, गच्चीवर टाकी आहे, खाली मोटर आहे, त्याला पाच दिवसांनी आलं काय नि रोज आलं काय, त्याला विशेष फरक पडत नाही. पण पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईकडे दोनशे लिटरचे दोन ड्रम असतात, म्हणजे 400 लिटर, वर हंडे-कळश्या. तिचं पाणी दुसऱ्या दिवशीच संपतं. म्हणजे तेवढंच पाणी शहराला पाच दिवसांनी एकदम दिलं तर ते हौदवाल्याला पुरतं आणि ड्रमवालीला पुरत नाही, आणि रोज थोडं थोडं दिलं तर दोघांनाही पुरतं. त्यात पुन्हा कुणी नळाला डायरेक्ट टिल्लू मोटर लावली की लाइनच्या शेवटच्या घराला नुसती हवा येते. म्हणून उमेदवाराला विचारा की पाच दिवसांचे तीन दिवस करायला काय लागेल आणि ते पहिल्या वर्षात होईल का. आणि मोटर लावणाऱ्यांवर कारवाई करा असं तू सभेत बोलशील का, कारण त्यात तुझेही मतदार असतील. या दुसऱ्या प्रश्नावर उमेदवार जरा थांबतो, आणि त्याचं खरं उत्तर तिथेच कळतं.

मी पहिल्यांदा मतदान करणार आहे. सगळ्यांचे जाहीरनामे सारखेच वाटतात, एमआयडीसी आणू, मोठं हॉस्पिटल आणू, रेल्वेला थांबा मिळवून देऊ. यातलं नगरसेवक काय करू शकतो? आणि मत नक्की किती द्यायची असतात? (कॉलेज विद्यार्थी, धुळे जिल्हा)

आधी मतांचं सांगते. नगरपरिषदेत सहसा एका प्रभागातून दोन नगरसेवक असतात, आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणजे तुला तीन मतं द्यायची आहेत, एक नगराध्यक्षाला आणि अ व ब जागेला एकेक. महापालिकेत साधारण चार जणांचा प्रभाग, तिथे अ, ब, क, ड. प्रत्येक जागेला नोटाचं बटण असतं. तीन मतं एकाच पक्षाला दिली पाहिजेत असा काही नियम नाही, प्रत्येक जागेचा माणूस वेगळा बघायचा.

आता कामाचं. एमआयडीसी राज्य सरकारची, रेल्वे केंद्राची, उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं, सुरत-नागपूर हायवे राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा, एसटी स्टँड महामंडळाचं. नगरसेवक यासाठी पत्र देऊ शकतो, आमदार-खासदाराकडे जाऊ शकतो, तेवढंच. पाणी, गटार, कचरा, पालिकेचे रस्ते, पथदिवे, बाजार, पालिकेच्या शाळा, बागा, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवानगी, डासांची फवारणी, हे पालिकेचं. 74 वी घटनादुरुस्ती 1993 साली लागू झाली, तिच्यासोबत बाराव्या अनुसूचीत शहराच्या कारभाराचे 18 विषय दिलेत, ते एकदा वाचून काढ, मोबाइलवर सापडतात, आणि त्याच्या शेजारी जाहीरनामा ठेव. जाहीरनाम्यातलं किती त्या यादीत बसतं ते तुझं तुलाच दिसेल.

आणि प्राधान्य म्हणजे काय ते विचार. ज्याच्या यादीत वीस कामं आहेत आणि वीसही पहिल्या नंबरवर आहेत त्याने अजून काहीच ठरवलेलं नाही. पैसे कमी पडले तर यातलं कुठलं काम तुम्ही पुढच्या वर्षावर टाकाल, हे विचार. मला वाटतं उमेदवाराला विचारायचा याच्याइतका चांगला प्रश्न दुसरा नाही, कारण नगरसेवक झाल्यावर बजेटच्या सभेत त्याला दरवर्षी हेच ठरवायचं असतं.

उमेदवार आमच्या वॉर्डात राहतच नाही, तरी आमच्याकडून उभा आहे. हे चालतं का? आणि तीन मुलं असलेला माणूस उभा राहू शकतो का?

पहिलं चालतं. त्या शहराच्या मतदार यादीत नाव पाहिजे, वॉर्ड कुठलाही असू दे, आणि वय 21 पूर्ण. दुसऱ्याचं असं की 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर अपात्र. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे याची माहिती शपथपत्रात द्यावी लागते, ते राज्य निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर बघायला मिळतं. बघाच.

मी बचत गट चालवते. आमच्या प्रभागात महिलांची जागा निघाली म्हणून घरच्यांनी मला उभं केलंय. सासरे आणि मिस्टर म्हणतात की प्रचार आम्ही बघतो, तू फक्त हात जोड. मला खरंच काम करायचंय. मी लोकांना काय सांगू आणि कुठलं काम आधी हातात घेऊ? (उमेदवार, नंदुरबार जिल्हा)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि खूप बरं वाटलं. 2011 पासून आपल्या राज्यात पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, आणि अजूनही बॅनरवर बाईच्या फोटोपेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा असतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरच्यांशी भांडा असं मी म्हणत नाही. त्यांची मदत लागेलच, गाड्या, माणसं, पोलिंग एजंट, हे सगळं एकटीने होत नाही. पण एक गोष्ट घरात आत्ताच स्पष्ट करून टाका: सभागृहात फक्त निवडून आलेली बाई बसते, बोलायचं तिनेच आणि ठरावावर मत द्यायचं तिनेच, तिथे मिस्टर येऊ शकत नाहीत. मग ज्या कामाबद्दल सभेत तुम्हाला बोलायचंय ते प्रचारातही तुम्हीच बोला. कॉर्नर सभेत दहा मिनिटं नाही तर तीन मिनिटं बोला, पण स्वतः बोला. बचत गटात तुम्ही कर्जाचे हप्ते, व्याज, कोणाचं थकलं, कोणाला आधी द्यायचं हे सगळं बघताच की, पालिकेच्या बजेटचे आकडे मोठे असतात पण बेरीज-वजाबाकी तीच आहे.

काम कुठलं आधी हे तुमच्या प्रभागातल्या बायकाच सांगतील. मला विचाराल तर मी आठवडे बाजारातल्या बायकांच्या संडास-बाथरूमपासून सुरुवात करेन. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी बघा, खेड्यापाड्यातून बाया सकाळी गाडीने येतात, भाजी, मिरची, महू (मोहाची फुलं), दादर (ज्वारी), जे असेल ते घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, संध्याकाळपर्यंत उन्हात, मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला, आणि जायला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. पाणी न पिता त्या उन्हात आठ तास बसायचं! किती जणींना लघवीचा त्रास होतो, किती जणींना चक्कर येते, याची कोणी नोंदसुद्धा करत नाही. बाजाराचा कर त्यांच्याकडून वसूल होतो, मग सोय मागायचा त्यांचा हक्क आहे.

पैशाचंही सांगते, नाहीतर लोक विचारतील आणि तुमची अडचण होईल. वित्त आयोगाकडून पालिकेला जो निधी येतो त्यातला मोठा भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच राखलेला असतो, तो दुसरीकडे वळवता येत नाही. पालिकेत जाऊन मागच्या वर्षीचं बजेट मागा, स्वच्छतागृहासाठी किती तरतूद दाखवली होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली ते दोन आकडे कागदावर उतरवून घ्या. बांधलं पण कुलूप लावलं, पाण्याचं कनेक्शनच नाही, साफ करायला माणूस नाही, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, म्हणून तुमच्या मागणीत बांधकामासोबत पाणी, लाइट आणि रोजची सफाई हे तिन्ही घाला. बाजारात सावलीचं शेड आणि प्यायच्या पाण्याचा नळ हेही त्यातच येऊ शकतं. तीन कामं धरा, तीस कामांचं आश्वासन देऊ नका. आणि निवडून आल्यावर मला पुन्हा लिहा, खरंच लिहा.

एक उमेदवार म्हणतो घरपट्टी माफ करणार. आम्ही भरायची थांबवू का? (दुकानदार, जळगाव जिल्हा)

अजिबात थांबवू नका भाऊ. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, वर्षाला चोवीस टक्के झाले, आणि ते तुमच्याच अंगावर येणार. एकटा नगरसेवक घरपट्टी माफ करू शकत नाही, शास्तीत सूट मिळते तीही शासनाच्या नियमात बसली तर. आणि जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीपोटी राज्याकडून येणारं अनुदान सोडलं तर पालिकेचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि बांधकाम परवानगीची फी एवढंच उरतं. ते माफ केलं तर गटार कशातून बांधणार, हे त्या उमेदवाराला शांतपणे विचारा.

पैशाकडे सभागृहाने नीट लक्ष दिलं नाही तर शहराचं काय होतं हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. गरिबांसाठी घरकुलं बांधायची म्हणून तेव्हाच्या नगरपालिकेने हुडकोचं (घरबांधणीला कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी) कर्ज काढलं, बरीचशी घरं पूर्णच झाली नाहीत, कर्जाचं ओझं मात्र नंतर महापालिका झाल्यावरही वर्षानुवर्षं शहराच्या डोक्यावर राहिलं. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष कोर्टाने त्या प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवलं आणि त्यात तेव्हाचे नगरसेवकही होते. प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं, तो कायद्याचा भाग आहे. पण ठरावाला हात वर करताना तो वाचला होता का, हा प्रश्न प्रत्येक नगरसेवकाला लागू होतो, आणि मतदाराने तो आधीच विचारायला हवा की सभेचा अजेंडा तू स्वतः वाचशील का.

आमची कॉलनी शहराच्या टोकाला. रस्ता नाही, गटार नाही, ओपन स्पेसवर कचरा. प्रत्येक इलेक्शनला मुरूम टाकून जातात. (निवृत्त शिक्षक, धुळे जिल्हा)

सर, आधी तुमचा ले-आउट मंजूर आहे का ते बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे. मंजूर असेल तर त्यातला रस्ता आणि दहा टक्के ओपन स्पेस पालिकेच्या ताब्यात आलेत का, ही नोंद नगररचना विभागात मिळते. बऱ्याच ठिकाणी बिल्डरने हस्तांतरच केलेलं नसतं आणि पालिका म्हणते जागा आमची नाही, खर्च कसा करू. गुंठेवारीतले प्लॉट असतील तर 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट नियमित करता येतात, त्यासाठी अर्ज आणि विकास शुल्क लागतं. हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा कॉलनीने मिळून केलेलं बरं, आणि नगरसेवकाकडून मुरूम मागण्यापेक्षा हे हस्तांतर मागा. मुरूम पहिल्या पावसात वाहून जातो. कागद एकदा झाला की रस्त्याचं काम बजेटमध्ये घ्यायला "जागा आमची नाही" ही सबब राहत नाही. आणखी एक, डांबर नाही तर काँक्रीट पाहिजे असा हट्ट धरायच्या आधी भुयारी गटार आणि पाण्याची लाइन टाकून झालीय का ते विचारा. आधी रस्ता आणि मग त्याच रस्त्यात खोदकाम, हे आपण अमृत या केंद्राच्या पाणी-गटार योजनेच्या वेळी बघितलंय.

मोकाट कुत्री उचलून जंगलात सोडू असं एक जण म्हणतोय.

तसं करता येत नाही. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस हे पालिकेचं काम, आणि कुत्रं सहसा जिथून उचललं तिथेच सोडायचं (रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री आणि शाळा-दवाखान्यांसारख्या जागांवरची कुत्री हे सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये केलेले अपवाद). त्याला विचारा की नसबंदीचं केंद्र कुठे करणार आणि बजेट किती. पोरांना चावे होताहेत, विषय गंभीर आहे, म्हणूनच खरं उत्तर मागा.

"इलेक्शनमा पैसा वाटतस, शेवभाजीन्या पंगती उठतस, आठे कोनी ऐकत नही. मत दिसन काय फायदा?" (एक आजोबा, जळगाव जिल्हा)

आजोबा, तुमचा राग मला समजतो. पैसे वाटणं हा गुन्हा आहे, आणि घेणंही. पण एक बघा, नगरपालिकेचा वॉर्ड लहान असतो, काही हजार मतांचा, इथे शे-दोनशे मतांनी निकाल फिरतो, कधी त्याहून कमीने. लोकसभेला तुमच्या गल्लीचं वजन जाणवत नाही, इथे जाणवतं. तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी मिळून एकच गोष्ट मागितली, समजा रात्रीचे दिवे किंवा पेन्शनच्या कागदांसाठी पालिकेत बसायला खुर्ची आणि मदतीला एक माणूस, तर कुठल्याही उमेदवाराला ते टाळणं जड जाईल. पंगतीला गेलात तरी मत तुमचंच आहे, मशिनवर कोणी बघत नाही.

निवडून आल्यावर नगरसेवक काय करतो हे आम्हाला कळणार कसं? (नोकरदार, जळगाव)

सर्वसाधारण सभा नागरिकांसाठी खुली असते, अध्यक्षांनी काही कारणाने मनाई केली नसेल तर जाऊन बसता येतं. वेळ नसेल तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत एकच विषय, आणि 30 दिवसांत उत्तर. अर्ज पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने करा. त्यात मागच्या सहा महिन्यांतल्या सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त, हजेरीची प्रत आणि तुमच्या प्रभागातल्या कामांची यादी मागा, कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, काम सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, दिलेलं बिल, एवढे रकाने लिहूनच द्या. "सगळी माहिती द्या" असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. मिळालेली यादी हातात घेऊन एकदा गल्लीतून चालत जा, आणि यादीत पूर्ण दाखवलेलं काम जागेवर नसेल तर फोटो काढून मुख्याधिकाऱ्यांना किंवा महापालिका असेल तर आयुक्तांना लेखी द्या, पोच घ्यायला विसरू नका.